मस्कतच्या किनाऱ्यावरील मराठी डॉक्टर : ले. कर्नल आत्माराम सदाशिव जयकर

प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामसूचीत 'जयकरी' हे उपपद निरनिराळ्या प्राण्यांच्या नावापुढे लागलेले आढळते. अरबस्तानच्या समुद्रातील एक समुद्रघोडा, ओमानच्या डोंगरांतील एक रानबकरा, वाळूत स्वतःला पुरून घेणारा एक बिनविषारी साप, एक मोठा सरडा, एक विंचू आणि एक फुलपाखरू मासा, इतक्या भिन्न जातींच्या प्राण्यांना एकाच माणसाचे नाव मिळाले आहे. तो माणूस मुंबईचा, मराठी आणि व्यवसायाने डॉक्टर होता. आत्माराम सदाशिव ग्रँडिन जयकर (१८४४-१९११) हे त्यांचे पूर्ण नाव. अरबी भाषेचे अभ्यासक त्यांना ओळखतात, मत्स्यशास्त्रज्ञ त्यांना ओळखतात. मराठी वाचकास मात्र त्यांचे नाव फारसे परिचित नाही. याचे एक कारण असे की, त्यांच्या आयुष्यातील कर्तृत्वाचा काळ मुंबईपासून समुद्रमार्गे दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मस्कत बंदरात गेला, आणि त्यांनी जे लिहिले ते इंग्रजीत लिहिले.

डॉक्टर आणि मासे

वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या माणसाने मासे गोळा करण्यात आयुष्याची वर्षे घालवावीत, हे आज थोडे विचित्र वाटते. एकोणिसाव्या शतकात मात्र ती जवळजवळ परंपराच होती. विशाखापट्टणच्या किनाऱ्यावरील माशांचा सचित्र ग्रंथ १८०३ मध्ये प्रसिद्ध करणारे पॅट्रिक रसेल डॉक्टर होते. गंगेच्या माशांवर १८२२ मध्ये ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस हॅमिल्टन (बुकानन) हेही डॉक्टरच. मुंबईचा म्हणून जगभर गाजलेला बोंबील शास्त्रीय ग्रंथांत प्रथम याच हॅमिल्टनसाहेबांनी आणला, आणि त्याला 'नेहेरियस' हे नाव बंगालमधील लोकांच्या बोलीतून दिले. आपल्या बोंबलाचे शास्त्रीय नाव अशा रीतीने बंगाली आहे! पुढे मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. फ्रान्सिस डे (१८२९-१८८९) यांनी 'मलबारचे मासे' (१८६५) आणि 'भारतातील मासे' (१८७५-१८७८) हे ग्रंथ लिहिले. डे हे हिंदुस्थान सरकारचे मत्स्यव्यवसाय विभागाचे महानिरीक्षक होते, आणि त्यांचा दुसरा ग्रंथ या विषयातील पायाभूत ग्रंथ म्हणून आजही उघडला जातो.

याची कारणे उघड आहेत. शरीररचनेचे शिक्षण त्या काळी वैद्यकाइतके दुसऱ्या कोणत्याही विद्याशाखेत मिळत नसे. चिरफाडीची हत्यारे डॉक्टरच्या पेटीत असतच; नमुने टिकवण्यासाठी लागणारे स्पिरिट दवाखान्याच्या भांडारात असे. शिवाय सरकारी डॉक्टरची नेमणूक अनेकदा अशा ठिकाणी होई की जेथे शिकलेला दुसरा माणूस नसे आणि संध्याकाळ घालवण्याचे अन्य साधनही नसे.

मुंबईतही असे डॉक्टर होते. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते. भाऊ दाजींनी प्राचीन शिलालेख व नाणी यांचा अभ्यास केला. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्गाभ्यासकांची संस्था आठ जणांनी स्थापन केली, त्यांत दोन भारतीय होते आणि दोघेही डॉक्टर होते : एक आत्माराम पांडुरंग, दुसरे वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. (आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक व व्याकरणकार दादोबांचे बंधू, नावसाम्यामुळे त्यांची व जयकरांची गल्लत होऊ नये.) इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९-१९१७) यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथ मेजर बामनदास बसू यांच्या सहकार्याने सिद्ध झाला आणि कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये प्रकाशित झाला. गिरगाव, भायखळा आणि कोट या टापूत वावरणाऱ्या या पिढीला वैद्यकी आणि विद्याव्यासंग या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. जयकर याच पिढीतले.

इंडियन मेडिकल सर्व्हिस ही लष्करी स्वरूपाची सेवा होती. १८५५ पासून तिच्यातील जागा स्पर्धापरीक्षेने भरल्या जाऊ लागल्या आणि कायद्याने ही परीक्षा भारतीयांनाही खुली झाली. पण परीक्षा होई ती लंडनमध्ये, आणि पुढील प्रशिक्षण साउदॅम्प्टनजवळील नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात. समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागण्याचा तो काळ. प्रवासाचा आणि विलायतेतील मुक्कामाचा खर्च वेगळाच. त्यामुळे दार उघडे असले तरी त्यातून आत शिरलेले भारतीय पहिल्या दोन दशकांत अगदी मोजके होते. जयकर त्या मोजक्यांपैकी एक होत. सर्जन, सर्जन-मेजर, लेफ्टनंट कर्नल असे चढत गेलेले हुद्दे त्यांच्या नावामागे लागलेले दिसतात.

मस्कत

इराणी आखाताच्या तोंडाशी, अरबस्तानच्या पूर्व कोपऱ्यावर मस्कत वसले आहे. काळ्या उघड्या डोंगरांनी तीन बाजूंनी वेढलेले हे बंदर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते. दिवसभर तापलेला खडक रात्रीही उष्णता सोडत राहतो. तेथील सुलतान स्वतंत्र राजा मानला जात असला तरी ब्रिटिशांचा राजकीय प्रतिनिधी त्याच्या दरबारी असे. आखातातील हा सर्व कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या आणि नंतर हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता. व्यवहारात मात्र मस्कतचा धागा मुंबईशीच बांधलेला होता. मुंबईहून कराचीमार्गे आगबोटी तेथे जात, कच्छी भाटिये व खोजे व्यापारी तेथे पेढ्या चालवीत, बाजारात आपला रुपया चाले आणि तांदूळ व कापड आपल्याकडून जाई.

या प्रतिनिधीच्या कचेरीतील डॉक्टर म्हणून जयकर १८७० नंतरच्या दशकात मस्कतला गेले आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, तेथे राहिले. इतर अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जात. कित्येकांना तेथील हवा सोसत नसे. जयकर टिकून राहिले. त्यामुळे राजकीय प्रतिनिधीची जागा रिकामी असताना तिचा तात्पुरता कार्यभारही त्यांच्याकडे आला. एका भारतीय डॉक्टरने परदेशी दरबारात ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधित्व करावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

त्यांचे पहिले महत्त्वाचे लेखन वैद्यकीय आहे. आखाती प्रशासनाच्या १८७६-७७ च्या वार्षिक अहवालात 'मस्कतचे वैद्यकीय स्थलवर्णन' हा त्यांचा लेख समाविष्ट आहे. वैद्यकीय स्थलवर्णन हा त्या काळच्या सरकारी डॉक्टरांचा ठरलेला लेखनप्रकार होता. जमीन कशी, पाणी कोठून येते, वारे केव्हा व कोणत्या दिशेने वाहतात, लोक काय खातात, कोणते रोग कोणत्या ऋतूत बळावतात, हे सर्व एकत्र मांडावयाचे. जंतूंविषयीचे ज्ञान अद्याप बाल्यावस्थेत असताना रोगाचे मूळ परिसरात शोधण्याची ही पद्धत होती. तिच्यातील रोगविषयक तर्क पुढे बरेच मागे पडले. परिसर बारकाईने पाहण्याची सवय मात्र या डॉक्टरांना कायमची लागली. जयकरांच्या पुढील सर्व कामाचे बीज या सवयीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बंदराच्या डॉक्टरला आणखी एक कर्तव्य असे, ते आगबोटींच्या आरोग्यतपासणीचे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. त्यानंतर मुंबईहून निघणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे आखातातील बंदरे संशयाने पाहू लागली आणि उतारूंना विलगवासात ठेवण्याचे नियम कडक झाले. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास अरबी समुद्राच्या दुसऱ्या तीरावर जयकरांच्या मस्कतमधील सेवेची अखेरची वर्षे चालली होती.

बाजारातून संग्रहालयात

मस्कतच्या माशांचे महत्त्व समजण्यासाठी नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. मस्कतच्या वायव्येस इराणी आखात आहे. ते उथळ आहे, त्याची सरासरी खोली चाळीस मीटरदेखील नाही, आणि पाणी उष्ण व अतिशय खारट. आग्नेयीस उघडा, खोल अरबी समुद्र. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर वाहतात तेव्हा पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी तळाचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर लहान मासे, आणि लहानांवर मोठे. आपल्याकडे पावसाळा आणणारे वारे तिकडे असे मासळीचे पीक आणतात. या दोन जलसृष्टींच्या सीमेवर बसलेल्या बंदरात दोन्हीकडचे मासे येणार हे उघड आहे.

पीटर फोर्सकोल या निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रातील मासे १७६२-६३ मध्येच अभ्यासले होते. भारताच्या किनाऱ्यावरील मासे डे यांच्या ग्रंथामुळे माहीत झाले होते. या दोहोंच्या मधल्या, अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्याविषयी शास्त्रीय माहिती मात्र तुटपुंजी होती. जयकरांनी भरून काढली ती ही पोकळी.

मासा टिकवणे हे मासा पकडण्याहून अवघड काम आहे. तो पाण्याबाहेर काढल्यावर काही तासांतच त्याचे रंग उडतात. स्पिरिटमध्ये पडल्यावर उरलेसुरले रंगही जातात. म्हणून रंग, ठिपके व पट्टे ताज्या माशावरूनच लिहून ठेवावे लागतात. स्पिरिट आतपर्यंत पोचावे म्हणून पोटाला छेद द्यावा लागतो. तो बहुधा उजव्या अंगास देतात, कारण शास्त्रीय चित्रांत माशाचे तोंड डावीकडे दाखवण्याचा प्रघात असल्याने डावी बाजू अभंग हवी असते. स्थळ व तारखेची चिठ्ठी प्रत्येक नमुन्यास बांधावी लागते. ती सुटली की नमुना निरुपयोगी. फॉर्मॅलिनचा वापर १८९० नंतरच्या दशकात सुरू झाला, तोपर्यंत सारी भिस्त स्पिरिटवर. उन्हाळ्यातील मस्कतसारख्या ठिकाणी, दवाखान्याचे काम सांभाळून, वर्षानुवर्षे हे करीत राहणे म्हणजे काय, याची कल्पना प्रयोगशाळेत काम केलेल्या शिक्षकांना सहज येईल.

जयकरांचे नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात जात. तेथे जॉर्ज आल्बर्ट बूलेंजर (१८५८-१९३७) हे मासे, बेडूक व सरपटणारे प्राणी यांचे तज्ज्ञ त्यांचा अभ्यास करीत. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८८७ मध्ये बूलेंजर यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा मथळाच 'सर्जन-मेजर ए. एस. जी. जयकर यांनी मस्कत येथे मिळवलेल्या माशांचा वृत्तान्त' असा आहे. याच मथळ्याचा दुसरा वृत्तान्त १८८९ मध्ये व तिसरा १८९२ मध्ये आला. संग्राहकाचे नाव सामान्यतः लेखाच्या आत, आभाराच्या ओळीत दिले जाते. येथे ते तीनदा मथळ्यात आले आहे, यावरून त्या संग्रहाचे मोल ध्यानात यावे.

तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मासे मिळवले जयकरांनी. त्यांची शास्त्रीय वर्णने व नावे यांवर लेखक म्हणून नाव बूलेंजर यांचे. नवीन जात ठरवावयाची तर जगभरच्या जुन्या नमुन्यांशी तुलना करावी लागते, आणि असे नमुने लंडन, पॅरिस, बर्लिन अशा ठिकाणीच होते. वसाहतीतून नमुने जावयाचे आणि राजधानीत नावे ठरावयाची, अशी ही श्रमविभागणी होती. ती कोणा एका व्यक्तीच्या दुष्टाव्याने आलेली नव्हती, परंतु तिचा परिणाम दीर्घकाळ राहिला. भारताच्या व अरबस्तानच्या पुष्कळ प्राण्यांचे मूळ नमुने आजही परदेशी संग्रहालयांत आहेत आणि आपल्या संशोधकास जातीची शहानिशा करावयाची तर तेथवर जावे लागते किंवा तेथून छायाचित्रे मागवावी लागतात.

१९०० मध्ये बूलेंजर यांनी मस्कतच्या एका समुद्रघोड्याला 'हिप्पोकॅम्पस जयकरी' असे नाव दिले. समुद्रघोडा हा मासाच होय, जरी त्याचे डोके घोड्यासारखे, शेपूट गवताला विळखा घालणारी आणि अंग खवल्यांऐवजी कठीण कड्यांचे असले तरी. जयकरांच्या नावाचा समुद्रघोडा काटेरी आहे व तांबड्या समुद्रापासून अरबी समुद्रापर्यंत आढळतो. समुद्रघोड्यांत मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते आणि पिले बाहेर पडेपर्यंत नर ती वागवतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली असता ते सहसा विसरत नाहीत. पुढे १९३३-३४ मध्ये इजिप्तच्या 'मबाहिस' या जहाजातून अरबी समुद्राचे संशोधन झाले. या मोहिमेचे प्रमुख सीमोर सेवेल हेही इंडियन मेडिकल सर्व्हिसचेच डॉक्टर होते. तिच्या माशांवरील अहवालात जे. आर. नॉर्मन यांनी १९३९ मध्ये एका फुलपाखरू माशाला जयकरांचे नाव दिले. तोपर्यंत जयकरांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

डोंगरातील बकरा

जयकरांची दृष्टी समुद्रापुरती नव्हती. बूलेंजर यांनी १८८७ मध्ये ओमानच्या एका मोठ्या सरड्याला व १८८८ मध्ये वाळूतील एका सापाला त्यांचे नाव दिले. १८९२ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी धोफारकडील खडकांत राहणाऱ्या, सशाएवढ्या हायरॅक्स या प्राण्याला, आणि १८९५ मध्ये पोकॉक यांनी एका विंचवाला.

या सर्वांत महत्त्वाचा प्राणी म्हणजे अरबी ताहर. हा ओमानच्या डोंगरी कड्यांवर राहणारा, लहान चणीचा रानबकरा. जयकरांनी मिळवलेल्या नमुन्यांवरून थॉमस यांनी १८९४ मध्ये त्याचे वर्णन केले, तोपर्यंत विज्ञानाला त्याची माहितीच नव्हती. ताहर म्हटले की आपल्याला हिमालयातील आणि निलगिरीतील ताहर आठवतात, आणि दीर्घकाळ हे तिन्ही एकाच प्रजातीत घातले जात. हिमालय, निलगिरी व ओमान अशा तीन दूरदूरच्या डोंगरांत एकाच कुळाचे बकरे कसे उरले, याविषयी पुष्कळ तर्क झाले. २००५ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासातून असे दिसले की, हे तिघे एकमेकांचे तितके निकटचे नातलग नाहीतच. अरबी ताहरसाठी तेव्हा 'अरबीट्रॅगस' ही स्वतंत्र प्रजाती करण्यात आली. तिच्यात आज एकच जाती आहे, 'अरबीट्रॅगस जयकरी'. ही जाती संकटग्रस्त गणली जाते. ओमान सरकारने १९७० नंतरच्या दशकात वादी सरीन येथे तिच्यासाठी राखीव क्षेत्र केले, आणि त्यासाठी भोवतालच्या वाड्यांतील माणसेच रक्षक म्हणून नेमली.

बोली आणि म्हणी

मासे गोळा करणारा माणूस कोळ्यांशी बोलल्यावाचून राहू शकत नाही. पुस्तकी अरबी आणि मस्कतच्या बाजारातील अरबी यांत मोठे अंतर आहे, हे जयकरांच्या ध्यानात आले असणार. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८८९ मध्ये 'अरबीची ओमानी बोली' हा त्यांचा दीर्घ निबंध दोन भागांत छापला गेला. त्यात उच्चार, व्याकरण आणि शब्दसंग्रह आहे. त्या बोलीचा हा अगदी आरंभीचा पद्धतशीर अभ्यास असून, कार्ल राइनहार्ट या जर्मन लेखकाच्या १८९४ मधील ग्रंथाबरोबर त्याचा उल्लेख आजही केला जातो. मुंबईच्या टाउन हॉलमधील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेने त्यांचा 'ओमानी म्हणी' हा संग्रह आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९८७ मध्ये केंब्रिजच्या एका प्रकाशनाने तो पुस्तकरूपाने पुन्हा छापला.

सुरमईला ओमानी लोक 'कनअद' म्हणतात, तारलीसारख्या लहान मासळीला 'ऊमा'. ऊमा तेथे नुसती खाल्ली जात नाही; वाळवून उंटांना व गुरांना घातली जाते आणि शेताला खत म्हणूनही टाकली जाते. कोकणातील माडाच्या बागेत मासळीचे खत घालणाऱ्या शेतकऱ्याला हे मुळीच नवल वाटणार नाही. ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरणारी सुरमई आणि मस्कतच्या वाळूवर उतरणारी सुरमई एकाच समुद्राची आहे. निवृत्तीनंतर मुंबईत परतलेल्या जयकरांना येथील बाजारात मस्कतचे पुष्कळ ओळखीचे मासे दिसले असतील, फक्त वेगळ्या नावांनी.

त्यांचे शेवटचे काम सर्वांत मोठे. चौदाव्या शतकात कैरो येथे होऊन गेलेल्या अद्-दमीरी या पंडिताचा 'हयात अल्-हयवान' हा अरबी प्राणिकोश प्रसिद्ध आहे. त्यात प्राण्यांची नावे वर्णानुक्रमे घेतली आहेत. प्रत्येक नोंदीत नावाचे व्याकरण, प्राण्याचे वर्णन, धर्मग्रंथांतील उल्लेख, त्याचे मांस खाण्यास योग्य की अयोग्य, त्यावरील म्हणी, औषधी गुण, आणि शेवटी तो स्वप्नात दिसला तर त्याचा अर्थ काय, असे क्रमाने सांगितले आहे. डॉक्टर, प्राण्यांचा संग्राहक, अरबी बोलीचा व म्हणींचा अभ्यासक ही चारही अंगे एका माणसात असतील तरच असा ग्रंथ भाषांतरित होऊ शकतो, आणि जयकरांत ती होती. इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १९०६ मध्ये व दुसऱ्याचा भाग १९०८ मध्ये लंडन व मुंबई येथून निघाला. मुंबईचे प्रकाशक तारापोरवाला हे होते. मूळ ग्रंथाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्यात आला आहे. मासा या अर्थाचा 'समक' आणि महामत्स्य या अर्थाचा 'हूत' हे दोन्ही शब्द अरबी वर्णमालेत आधी येत असल्याने ते सुदैवाने या भागात आहेत. १९११ मध्ये जयकरांचे निधन झाले. उरलेला भाग प्रसिद्ध झाला नाही. त्याच्या नंतर शतक उलटले तरी इंग्रजी वाचक दमीरीकडे वळतो तो जयकरांच्याच वाटेने.

जुन्या नोंदींचे मोल

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणी कोणते मासे बाटलीत घातले, याचा आज काय उपयोग, असा प्रश्न ग्रामपंचायतीचा सदस्य विचारू शकेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. एखादी मासळी कमी झाली असे वरळी किंवा माहीमच्या कोळीवाड्यातील वृद्ध सांगतात. किती कमी झाली, केव्हापासून, ती पूर्वी येथे खरोखर मिळत होती काय, हे ठरवण्यास पुरावा लागतो. स्थळ व तारीख असलेला नमुना किंवा नोंद हाच तो पुरावा. दख्खनच्या नद्यांबाबत असा पुरावा आपल्याकडे आहे, तो लेफ्टनंट कर्नल साइक्स यांच्यामुळे. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, लष्करी अधिकारी होते. परंतु १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना नावे देताना त्यांनी येथल्या लोकांच्या तोंडची नावेच पुष्कळ ठिकाणी उचलली. शिंगटी, गोगरा, नकटा, खुद्री ही नावे लॅटिन वेषात आज जगभरच्या ग्रंथांत आहेत. मुळा-मुठेच्या वा भीमेच्या काठच्या शिक्षकाला आपल्या गावच्या नदीत यांतील कोणते मासे उरले आहेत, हे सहज तपासता येईल.

जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही दुसऱ्या गावच्या वहीवरून उतरवली जाते, आणि मग डोंगरावरच्या गावात समुद्राचे मासे अवतरतात. अशी वही नसलेली बरी. माशांची नोंद करताना स्थानिक नाव जसे बोलले जाते तसेच लिहावे, प्रमाण मराठीत सुधारून लिहू नये. एकाच माशाला पिलू असताना व वाढल्यावर वेगळी नावे असतात, ती दोन्ही घ्यावीत. कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात, किती खोलीवर मिळाला ते कोळ्याला किंवा भोयाला विचारून लिहावे. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, मासा ताजा असतानाच, डावी बाजू वर करून. सांगणाऱ्याचे वय टिपून ठेवावे, म्हणजे 'पूर्वी' हा शब्द त्याने कोणत्या दशकासाठी वापरला ते कळते.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित केला. त्याची लहान पिले जाळ्यात जाऊ नयेत हा त्यामागील हेतू. समुद्रघोड्यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे, आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००४ पासून निर्बंध आहेत. औषधासाठी वाळवलेले समुद्रघोडे परदेशी जात असल्याने हे करावे लागले. ट्रॉलरच्या जाळ्यात ते नको असताना येतात. असा समुद्रघोडा जिवंत असेल तर तेथल्या तेथे पाण्यात सोडावयाचा, विकावयाचा नाही. आणि वहीत स्थळ, तारीख, खोली व काटे आहेत की नाहीत, इतके लिहून ठेवावयाचे.